टकलीतले खडे आणि परसातला रातांबा

सोहार (ओमान),
चतुर्थीच्या अलीकडचा शुक्रवार

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर धाकट्या उत्तमचं डोकं. प्रणालीचाही नमस्कार. पूर्वाचा नमस्कार मी परस्पर लिहून टाकलेला नाही. ती इथेच माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि पायांवर डोकं म्हणजे खरोखर ठेवायचं का, असं विचारते आहे. आम्ही तिघंही सुखरूप आहोत. हवा इतकी दमट आहे की चष्मा घालून दाराबाहेर पाऊल टाकलं की काही दिसत नाही, पण ते दर ऑगस्टचंच आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? मी पाठवलेलं मलम तू गुडघ्याला लावतेस की कपाटात ठेवून आल्यागेल्याला दाखवतेस? (दाखवत असशील तर निदान झाकण उघडून दाखव, वास तरी लागेल.) रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. शाळेतून निवृत्त झालीस म्हणून गोळ्यांतून सुटका होत नाही.

हाताशी फोन असताना हा कागद का खराब करतोय, असं तू म्हणशील. कारण तू फोन स्पीकरवर टाकून दारातल्या खळ्यात बसतेस आणि तुझ्याबरोबर अख्खी वाडी बसते. गेल्या वर्षी मी माझ्या मूळव्याधीचं तुला हळूच सांगितलं, तर पुढच्या महिन्यात वाडीतल्या निम्म्या घरांची औषधं कुणाकुणाच्या सामानातून सोहारला येऊन पोचली. आत्ता जे सांगायचं आहे ते आधी तू एकटीने वाच, मग हवं तर खळ्यात उभी राहून मोठ्याने वाचून दाखव. (दाखवशीलच. दाखवावंस म्हणूनच अक्षर सुवाच्य काढतो आहे.) पत्र तानाजीबरोबर पाठवतोय. तानाजी म्हणजे आपल्या खालच्या वाडीतला, इथे सहमला शिलाईचं दुकान चालवतो तो. चतुर्थीला घरी येतो आहे. पाकीट फोडलेलं दिसलं तर त्याच्यावर फार रागावू नकोस, कारण या प्रकरणात त्याचाही हात आहे.

मागच्या फोनवर तू परसातल्या रातांब्याचं विचारलं होतंस. पुतण्याने, म्हणजे आपल्या बंटीने, गाडी घेतली, ती वळवायला जागा नाही, मधे तेवढं एक झाड येतं, आणि आमसुलं यापुढे करणार कोण नि खाणार कोण, तेव्हा तोडू का, असं. मी कामावर होतो, डोक्यावर क्रेन अडकून बसली होती, मी "तोड, तोड" म्हणून फोन ठेवला. त्या विषयाकडे मी परत येणार आहे. तोवर बंटीला म्हणावं, गाडी रस्त्यावरच असू दे.

आता पूर्वाचं. दोन वर्षांपूर्वी तिला अमेरिकेतल्या त्या मुलींच्या कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि तू पेढा हातात धरून प्रश्न विचारलास की, मुलींच्यातच बसवायची होती तर एवढ्या लांब कशाला, आपल्या तालुक्याला कन्याशाळा आहे की. तेव्हा मी दुसरा पेढा उचलून उत्तर टाळलं. आता देतो. इथल्या शाळेत हिच्या प्रयोगशाळेत चौघांत मिळून एक मासा असायचा. मुलगे कापायचे आणि मुली आकृती काढायच्या. कुणी तसा नियम केला नव्हता, पण व्हायचं तसंच. तिकडे गेल्यावर पहिल्याच तासाला हिच्यापुढे ताट आलं, त्यात मासा आणि शेजारी सुरी. हिने सवयीने पेन्सिल काढली आणि कापणारं कोण आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या मुलीच, आणि प्रत्येकीपुढे आपापला मासा. हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला काही हसता आलं नाही आक्का. तेव्हापासून ती कापते आहे, होडीचं इंजिन चालवते आहे, बिघडलेला सूक्ष्मदर्शक उघडून परत जोडते आहे. आमच्या घरातला मिक्सरही आता तीच उघडते, आणि मी तिच्या बाजूला स्क्रू धरून उभा असतो.

तरी त्या कॉलेजबद्दल माझी एक तक्रार होती आणि ती मी येईल त्याला सांगत असे. मुलगी शिकायला गेली जीवशास्त्र. पण तिथली पद्धत अशी की जीवशास्त्राच्या मुलीनेही बाकीचं चार प्रकारचं शिकलं पाहिजे. पहिल्या वर्षी तिने तत्त्वज्ञान घेतलं आणि मडकी घडवायला शिकली. दुसऱ्या वर्षी नाच घेतला. आणि त्यावर कळस म्हणजे एक अख्खा विषय असा, की हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी जेवून टाकलेला कचरा उकरायचा आणि ती माणसं कशी होती ते ठरवायचं. मी म्हटलं, उकिरडाच उकरायचा होता तर तो आपल्या घरामागे आहे, त्याला शिष्यवृत्ती कशाला? मी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेनच्या देखभालीला आहे, आमच्याकडे क्रेनवाला क्रेन शिकतो आणि घरी जातो. (पूर्वा म्हणते, आता लिहिताच आहात तर पुढचंही लवकर लिहा. लिहितो.)

तर या सुट्टीत ती एक काम घेऊन घरी आली. इकडे शेरी नावाचा मासा मिळतो. अंगाने आपल्या तांबोशीसारखा, रंगाने फिका, डोकं मोठं आणि डोक्यात खायला भरपूर. माशाच्या डोक्यात कानाच्या जागी दोन पांढरे खडे असतात ते तुला ठाऊक आहेत, लहानपणी डोकं, आपली टकली, चोखून झाली की तू ते ताटाच्या कडेला मांडून ठेवायचीस. मासा वाढतो तसे ते खडे वाढतात, आणि घासून पातळ केले की झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्षावर्षाची कडी दिसतात, ताजं वर्ष सगळ्यांत बाहेर. म्हणजे माशाचा जन्माचा दाखला त्याच्या डोक्यातच असतो. (आणि माझ्या शाळेतल्या दाखल्यापेक्षा बरोबर असतो.) पूर्वाने करायचं होतं ते एवढंच, की या किनाऱ्यावरच्या शेरीची लांबी आणि वय जुळवून पाहायचं, मासे पुरते वाढायच्या आधीच जाळ्यात येताहेत का ते शोधायचं. ते नीट झालं तर तिच्या कॉलेजातल्या मॅडम तिला पुढे प्रबंध देणार होत्या. तो सगळ्या मुलींना मिळत नाही. आणि तो नसेल तर पुढे संशोधनाला कुणी दारात उभं करत नाही. तिची दोन वर्षांची मेहनत या उन्हाळ्यावर टांगलेली होती, आणि उन्हाळा माशांच्या डोक्यांवर.

तिला डोकी हवी होती, कच्ची, बर्फातली. मी म्हटलं, बापाच्या ओळखी कधी कामाला यायच्या? सोहारपासून सहमपर्यंत आपली माणसं गॅरेजात आहेत, हॉटेलांत आहेत, बंदरावर आहेत, आणि शुक्रवारी मासा न खाणारा त्यांत एकही नाही. मी मोबाइलवर गट केला आणि नाव ठेवलं 'टकली'. पूर्वाने त्यावर इंग्रजीत सूचना टाकली की मासा नाकापासून शेपटीपर्यंत मापा, डोकं न शिजवता बर्फात ठेवा आणि आणून द्या. दोन दिवसांत एकही डोकं आलं नाही. मग तानाजीचा फोन आला.

"उत्तमदादा, शेरीची टकली देवन टाकूची? मगे आमी खावचा काय, शेपटी?"

आता तूच सांग, त्याचं काय चुकलं? दिवसभर मशीन चालवून माणूस आठवड्यातून एकदा शेरी आणतो, आणि त्यातलं डोकं आपण मागायचं, तेही खायला नाही. मला ते तोंडाने मागवेना. म्हणून मी सूचनेत थोडी सुधारणा केली आणि मराठीत टाकली. मासा मापून घ्या, डोकं नेहमीसारखं सारात घालून व्यवस्थित खा, खडे धुऊन पुडीत बांधा आणि वर लांबी लिहा. खडेच तर हवे होते तिला, डोक्याचं ती काय करणार होती? ही सुधारणा पूर्वाला सांगायची राहून गेली. (राहून गेली म्हणजे मी सांगितली नाही.)

आणि मग पुड्या यायला लागल्या. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दारात चपलांची रांग लागायची, मी पुड्या मोजून घ्यायचो आणि प्रत्येकाला चहा पाजायचो. तानाजीने शिलाईच्या टेपने माप घेतलं होतं, आणि सवयीने माशाच्या लांबीखाली छातीचंही लिहिलं होतं. बंदरावरच्या एकाने लांबी वितीत दिली, तेव्हा त्याची वीत मापायला मी सोहारच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलो. शेजारच्या नौशीनभाभींनी गॅलरीत वाळत घातलेले खडे पाहिले आणि प्रणालीला विचारलं की यातला एक जोड कानांतल्यांसाठी मिळेल का. फक्त एका घरातून पुडी येत नव्हती. प्रेमानंद म्हणून माझा मित्र आहे, नागपूरकडचा, पोलादाच्या कारखान्यात मोठा इंजिनियर. माणूस लाखातला, पण त्यांच्या घरी शुभदावहिनी माशाचं डोकं टाकून देतात. हे ऐकलं तेव्हा प्रणालीला खाली बसावं लागलं. मी कीव येऊन त्यांना म्हटलं, टाकताच आहात तर माझ्याकडे टाका. त्यांची डोकी पिशवीत घालून, कच्चीच, पूर्वाकडे येत राहिली, आणि त्यांतले खडे ती स्वतः काढायची. बाकीच्या घरचे खडे असे धुतलेपुसलेले कसे येतात, ते तिने विचारलं नाही. आपली माणसं प्रेमाने काढून देतात, असं तिला वाटलं असणार, आणि ते खोटंही नव्हतं.

मी कारखान्यातून आणून दिलेल्या बारीक पॉलिशपेपरवर ती खडे घासायची आणि तिच्या जुन्या शाळेकडून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहायची. एक दिवस ती टेबलावरून उठलीच नाही. प्रेमानंदच्या घरचे मासे लांबीच्या मानाने वयाने बरोबर होते. आपल्या लोकांचे मासे तेवढेच लांब, पण वयाने लहान. सहमचा शेरी तर नुसता पोरगेला, आणि अंगाने मात्र बापाएवढा. तिने दोनदा तपासलं, मग मॅडमना कळवलं की किनाऱ्याच्या त्या भागात हा मासा फार झपाट्याने वाढताना दिसतो आहे, काहीतरी नवीन हाती लागतंय. मॅडम खूश. मी तर त्याच संध्याकाळी 'टकली'वर लिहून टाकलं की पूर्वाने सहमच्या माशांत मोठा शोध लावला, आणि इथल्या चतुर्थीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार ठरवला. शालसुद्धा मीच निवडून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला शेरीचं सार होतं. तू मे महिन्यात पाठवलेल्या आमसुलाचं, आदल्या दिवशीचं, छान मुरलेलं. मी टकली संपवली, खडे चोखून काढले, उठून नळाखाली धुतले आणि पहिल्यांदाच पूर्वासमोर पुडीत बांधले. काही तरी चांगलं करतोय, अशा थाटात. तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

"बाबा, सगळे असेच आलेत?"

मी म्हटलं, सगळे. धुऊन घेतलेत पण, स्वच्छ. ती ताटावरून उठली.

पुढचं मला प्रणालीने समजावलं, कारण पूर्वा माझ्याशी बोलेना. खडा हा चुन्याच्या जातीचा. आंबटाने तो झिजतो. आपण त्याला आमसुलात उकळायचो आणि रात्रभर मुरवायचो, तेव्हा त्याची बाहेरची कडी निघून जायची, आणि ताजी वर्षं तर बाहेरच्याच कडेला. म्हणजे सहमच्या माशांची वाढ झपाट्याने होत नव्हती, त्यांची शेवटची वर्षं तानाजीच्या सारात विरघळत होती. प्रेमानंदचे तेवढे मासे बरोबर, कारण त्यांच्याकडे डोकं कुणी शिजवलंच नव्हतं. मला आधी राग आला. आमसुलाचा आला, तानाजीचा आला, दोन वर्षांत मासा खायची रीत न विसरता घरी आलेल्या पोरीने एकदाही "खडे कुठून येतात" म्हणून विचारलं नाही, त्याचाही आला. मग राग संपला आणि मला फार वाईट वाटलं. आक्का, तिचं दार बंद होतं आणि मी बाहेर बसून होतो. रविवारी मॅडमबरोबर तिची बैठक होती, आणि त्यांना सांगायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. मी तिच्या कामात मदतीला म्हणून हात घातला होता आणि तेवढ्यानेच ते बुडालं होतं. मी उठलो, सगळ्या पुड्या गोळा केल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत भरायला लागलो. दुसरं काय करणार?

तेवढ्यात दार उघडलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज मला ओळखीचा वाटला. तू वर्गात वापरायचीस तो.

"बाबा, फेकू नका. एकही नको. कुठल्या घरात काय आंबट घातलं, ते मला सांगा."

आणि इथे तो उकिरड्याचा विषय कामाला आला. त्यात ती शिकली होती की या ओमानच्या किनाऱ्यावर हजारो वर्षांपूर्वी माणसं मासे खाऊन राहत, त्यांच्या कचऱ्याचे ढीग अजून आहेत, आणि ढिगांत हे खडे सापडतात. त्यावरून लोक ठरवतात की तेव्हाचे मासे केवढे होते, किती वयाचे होते. पण त्या माणसांनी मासा कसा शिजवला होता? आंबट घालून शिजवला असेल तर खडा खोटं वय सांगेल की नाही? पूर्वाने शोधलं, तर हे नीट मोजलेलं तिला कुठे सापडलं नाही. मग आमच्या स्वयंपाकघरात जे सुरू झालं ते तू पाहायला हवं होतंस. कच्ची शेरी आणायची, एका माशाचे दोन खडे वेगळे करायचे, डावा साध्या पाण्यात उकळायचा, उजवा सारात. आमसूल, चिंच, कैरी, आणि मासळीबाजारातल्या शरीफने दिलेलं लुमी, म्हणजे इकडचे लोक रश्शात घालतात ते वाळवलेलं काळं लिंबू. प्रणालीने जन्मात पहिल्यांदा सार मोजून-मापून केलं, आणि ते एकदाही चांगलं झालं नाही. 'टकली' गटावरच्या प्रत्येकाला पूर्वाने स्वतः फोन केला. आमसूल कुठलं, किती घातलं, रात्रभर ठेवलं की लगेच संपवलं. तिचं अडखळणारं मराठी आणि समोरून मालवणी, पण एकानेही फोन ठेवला नाही. तानाजीने तर दुकान बंद करून उत्तरं दिली.

रविवारी मी पडद्यावर दिसणार नाही असा फ्रिजशेजारी बसलो होतो. पूर्वाने मॅडमना सुरुवातीलाच सांगितलं की तिचा नवा शोध चुकला, कारण तिच्या घरच्यांनी तिचा डेटा खाल्ला. मॅडम आधी खूप हसल्या. मग थांबल्या आणि असे प्रश्न विचारायला लागल्या की मला इंग्रजी कळूनही घाम फुटला. ही एकेकाचं उत्तर देत गेली, जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. आणि चूक कशी झाली, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, सूचना मी लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या जेवणाचा विचार करून द्यायला हवी होती, ती मी दिली नाही. माझं नावही घेतलं नाही, आक्का. मी फ्रिजला टेकून रडलो, आणि फ्रिजच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या की प्रबंध याच विषयावर कर.

म्हणून तुझ्या त्या जुन्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे, की एवढ्या लांब याच्यासाठी. रडून झाल्यावर दार उघडून कामाला लागायला ती तिकडे शिकली. (प्रणाली म्हणते, ते ती तुझ्याकडून शिकली. मी वाद घातला नाही.) सत्कार रद्द केलेला नाही, फक्त शोध बदलला आहे. शाल तीच.

सर्वांना यथायोग्य सांग, आणि गुडघा आणि राग दोन्ही जपून वापर.

तुझा धाकटा,
उत्तम

ता. क. खळ्यात वाचताना फ्रिजचा भाग गाळलास तरी चालेल. तानाजीच्या टेपचा गाळू नकोस, तो समोर बसलेला असेल.

ता. क. दुसरा. लिहावं की नाही, याचा विचार करत होतो, पण पूर्वा म्हणते निष्कर्ष लपवायचा नसतो. बाजारातल्या पाकिटातल्या आमसुलाने खड्याची नुसती चमक गेली. चिंचेने, कैरीने आणि लुमीने कड खरबरीत झाली. आणि तुझ्या आमसुलात रात्रभर ठेवलेल्या खड्याची बाहेरची कडी दिसेनाशी झाली. म्हणजे आमच्या घरचे, तानाजीचे आणि ज्यांना ज्यांना मी तुझी पाकिटं कौतुकाने वाटली त्या सगळ्यांचे मासे तूच लहान केलेस. बाजारातलं आमसूल म्हणजे नुसतं रंगवलेलं साल, असं तू जन्मभर म्हणत आलीस आणि आम्ही मान डोलावून विषय बदलत आलो. आता ते मोजून सिद्ध झालं आहे आणि प्रबंधात छापून येणार आहे, खाली तुझ्या नावासकट, सुलोचना आत्या म्हणून.

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र यासाठीच. मॅडमनी एक अट घातली आहे. पुढच्या वर्षीचं आमसूलही त्याच, परसातल्या रातांब्याचं हवं. बाजूच्या झाडाचं नाही, बागेतलं नाही, त्याच. मी फोनवर "तोड, तोड" म्हणालो होतो ते मी परत घेतो. बंटीने अजून हात लावला नसेल तर त्याला झाडाखाली उभा कर आणि हे पत्र तिथेच वाच. लावला असेल तर मला लगेच कळवू नकोस, आधी प्रणालीला कळव. खाली पूर्वाला दोन ओळी लिहायच्या आहेत. मी त्यांत काही दुरुस्त केलेलं नाही.

आत्या, मी मे मध्ये येते. एअरपोर्टवरून डायरेक्ट तुझ्याकडे. प्लीज झाड ठेव. आमसूल कसं करतात ते मला पहिल्यापासून शिकव, मी सगळं मोजणार. पण रातांबे मी कापणार. बंटीदादाला सांग, त्याने ड्रॉइंग काढायचं.
पूर्वा